ग्रह आणि चंद्र किती वेळात फिरतात: मुंबईच्या गच्चीवरून शिकण्याची पद्धत

शुक्राचा दिवस केवढा असतो, याचे उत्तर एका तक्त्यात २४३ दिवस असे सापडते आणि दुसऱ्या तक्त्यात ११७ दिवस असे सापडते. नव्या वाचकाला वाटते की यातला एक आकडा छापताना चुकला असावा. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेला आहे आणि दुसरा सूर्याच्या संदर्भात. फिरण्याचा कोणताही काळ वाचताना किंवा स्वतः मोजताना ‘कशाच्या संदर्भात?’ हे आधी विचारण्याची सवय लागली, की या विषयातला बराचसा गोंधळ उरत नाही. पुढच्या पायऱ्या ती सवय लावण्यासाठी आहेत, आणि त्या मुंबईत, मोठ्या दुर्बिणीशिवाय, करता येतील अशाच निवडल्या आहेत.

मुंबईच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही हे खरे आहे, आणि ती पाहण्यासाठी हौशी निरीक्षक वांगणी-नेरळकडे जातात तेही योग्यच आहे. मात्र चंद्र, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे इतके तेजस्वी असतात की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचे फारसे काही बिघडत नाही. आपल्या कामाला एक वही, सेकंद दाखवणारे घड्याळ, घरातले पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका आणि पुढच्या टप्प्यासाठी १० बाय ५० मापाची द्विनेत्री (बायनॉक्युलर) एवढे साहित्य पुरते. सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवणे हे मात्र अनेकदा सर्वांत अवघड काम ठरते, म्हणून सचिवांशी आधीच बोलून ठेवावे. निरीक्षणाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम असतात. पावसाळ्यात आकाश बंद असते, तरी त्या काळात करता येईल असा एक प्रयोग पुढे दिला आहे.

पायरी पहिली: दोन गती, आणि प्रत्येकीचे दोन आकडे

शाळेच्या भूगोलात शिकलेले दोन शब्द येथे पक्के करावेत. परिवलन म्हणजे स्वतःच्या आसाभोवती फिरणे आणि परिभ्रमण म्हणजे दुसऱ्या गोलाभोवती फिरणे. पृथ्वीच्या परिवलनाने दिवस होतो आणि परिभ्रमणाने वर्ष होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यात एवढीच भर घालायची, की यांपैकी प्रत्येक गती दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात मोजली तर जो काळ मिळतो त्याला नाक्षत्र काळ म्हणतात, आणि सूर्याच्या संदर्भात मोजली तर वेगळा काळ मिळतो, कारण मोजणी चालू असताना मोजणारा स्वतः जागा बदलत असतो. वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक छोटा रकाना आखून त्यात ‘तारा’, ‘सूर्य’ किंवा ‘चंद्र’ असे लिहीत जावे.

पायरी दुसरी: पाण्याच्या टाकीआड जाणारा तारा

पृथ्वीच्या परिवलनाचा नाक्षत्र काळ मोजण्यासाठी समोरच्या इमारतीची एखादी उभी, सरळ कड निवडावी. पाण्याच्या टाकीची भिंत त्यासाठी चांगली. व्याध, रोहिणी किंवा चित्रा यांसारखा ठळक तारा त्या कडेआड नाहीसा होण्याची वेळ सेकंदापर्यंत लिहून घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून तेच करावे. तारा सुमारे ३ मिनिटे ५६ सेकंद आधी नाहीसा झालेला आढळेल. पंधरा दिवसांनी हा फरक जवळजवळ एक तासाचा झालेला असतो, त्यामुळे मध्ये दोनचार रात्री ढगाळ गेल्या तरी बिघडत नाही.

माझ्या पहिल्या प्रयत्नात हा फरक एकदा आठ मिनिटे आला आणि एकदा जवळजवळ शून्य आला. दोष घड्याळाचा नव्हता, माझ्या डोक्याचा होता, आणि तोही अगदी शब्दशः. समोरची कड ३० मीटरवर असेल आणि डोके अर्धा मीटर बाजूला सरकले, तर दिशेत जवळजवळ एक अंशाचा फरक पडतो. आकाशाला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे जो फरक मोजायचा तेवढीच चूक निव्वळ उभे राहण्यात होते. त्यासाठी कठड्यावर खडूने खूण करावी आणि दोन्ही दिवशी हनुवटी त्याच खुणेवर टेकवून पाहावे. शक्य असल्यास दूरची इमारत निवडावी, म्हणजे ही चूक आपोआप कमी होते.

आता या चार मिनिटांचा अर्थ लावू. पृथ्वी एकदा स्वतःभोवती पूर्ण फिरते तेव्हा तोच तारा त्याच जागी येतो आणि त्याला २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला आणखी एक अंश फिरावे लागते आणि तेथे उरलेली चार मिनिटे खर्च होतात. घड्याळातले २४ तास हे सूर्याच्या संदर्भातले आहेत. म्हणूनच एका वर्षात आपण सुमारे ३६५ सूर्योदय पाहतो, पण पृथ्वी मात्र ३६६ वेळा फिरलेली असते.

पायरी तिसरी: पंचांगातला चंद्र आणि भरतीचा चंद्र

चंद्राच्या दोन काळांसाठी पहिल्या दिवशी आकाश पाहण्याचीही गरज नाही. पंचांगात रोजचे चंद्रनक्षत्र दिलेले असते. या महिन्यात चंद्र रोहिणी नक्षत्रात कोणत्या तारखेला आहे ते पाहावे आणि पुढच्या वेळी तो रोहिणीत कधी येतो तिथपर्यंतचे दिवस मोजावेत. साधारण २७ दिवस भरतील. नंतर एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजावेत. ते २९ किंवा ३० भरतील. नेमके आकडे २७.३२ दिवस आणि २९.५३ दिवस असे आहेत. पहिला ताऱ्यांच्या संदर्भातला, दुसरा सूर्याच्या संदर्भातला. चंद्र एक फेरी पुरी करीपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे गेलेली असते आणि ते अंतर भरून काढायला चंद्राला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. नक्षत्रे २७ आणि तिथी ३० हा आपल्या पंचांगातला फरक याच दोन काळांतून आलेला आहे. असे बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात, सौर वर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतात, आणि ती तूट साठत गेली की अधिक मास धरावा लागतो.

हे आकाशात पडताळायचे असेल तर चंद्र रोहिणीजवळ किंवा चित्रेजवळ असेल त्या रात्री त्याचे चित्र काढावे आणि २७ दिवसांनी पुन्हा काढावे. तारा तोच असतो, पण चंद्राची कला बदललेली असते. एकाच रात्री तासाच्या अंतराने दोनदा पाहिले, तर चंद्र ताऱ्यांमधून साधारण स्वतःच्या व्यासाएवढा पूर्वेला सरकलेला दिसतो.

चंद्राचे परिवलन हा नवशिक्यांना हमखास अडवणारा भाग आहे. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तेव्हा तो स्वतःभोवती फिरतच नसावा, असे पुष्कळांना वाटते. हा प्रश्न देवळातल्या प्रदक्षिणेने सुटतो. प्रदक्षिणा घालताना आपला उजवा खांदा सतत गाभाऱ्याकडे असतो, म्हणून गाभाऱ्यातून पाहणाऱ्याला आपली एकच बाजू दिसते. पण आपले तोंड मात्र एका फेरीत उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारही दिशांना होऊन जाते. म्हणजेच एका प्रदक्षिणेत आपण स्वतःभोवतीही एकदा फिरतो. चंद्राचेही तसेच आहे: त्याचे परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही २७.३२ दिवसांचे आहे. पृथ्वीच्या ओढीने चंद्रावर निर्माण झालेल्या फुगवट्यामुळे त्याचे फिरणे मंदावत गेले आणि अखेर परिभ्रमणाशी जुळून स्थिर झाले. गुरूचे चार मोठे चंद्र, शनीचा टायटन, नेपच्यूनचा ट्रायटन हेही अशाच रीतीने बांधलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या परिभ्रमणाचा काळ कळला की परिवलनाचा काळ वेगळा शोधावा लागत नाही.

पावसाळ्यातला प्रयोग भरतीचा आहे. जून ते सप्टेंबरात मुंबईच्या वर्तमानपत्रांत मोठ्या भरतीच्या वेळा ठळकपणे छापल्या जातात. त्या रोज कापून वहीत चिकटवाव्यात. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. संकष्टीचा उपवास करणाऱ्यांना हाच उशीर चंद्रोदयात जाणवलेला असतो. पृथ्वीच्या परिवलनाचा हा तिसरा आकडा झाला: ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे, सूर्याच्या संदर्भात २४ तास आणि चंद्राच्या संदर्भात २४ तास ५० मिनिटे. किनाऱ्यावरची माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता. या ठोकताळ्याच्या पोटात हीच ५० मिनिटे आहेत. एक दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये, कारण उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत हा उशीर सारखा नसतो. निदान पंधरवड्याची सरासरी काढावी.

पायरी चौथी: गुरूचे चार चंद्र

येथे द्विनेत्री लागते, आणि ती हातात धरून काम होत नाही. तिपाईवर लावावी किंवा निदान कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवावी. गुरूच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, दोन ते चार बारीक ठिपके दिसतात. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने ते प्रथम टिपले, तेव्हा त्याला ते आधी साधे तारेच वाटले होते. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री नऊ वाजता, वहीत एक वर्तुळ काढून त्याच्या डावी-उजवीकडे ठिपके जसे दिसतील तसे, अंतराचा अंदाज घेऊन मांडावेत. कोणता ठिपका कोणाचा हे पहिल्या आठवड्यात कळत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

सुरुवात गॅनिमीडपासून करावी. त्याचा काळ ७.१५ दिवसांचा, म्हणजे आठवड्याहून किंचित अधिक असल्याने या सोमवारी तो जेथे दिसला, त्याच्याच आसपास पुढच्या सोमवारी दिसतो. कॅलिस्टो सर्वांत दूर जातो आणि त्याला १६.६९ दिवस लागतात. वीस-पंचवीस रात्रींची चित्रे एकाखाली एक मांडली की त्याचे नागमोडी वळण आपोआप उमटते. युरोपाला ३.५५ दिवस लागतात. आयो अवघड आहे, कारण तो गुरूच्या तेजात लपतो आणि ४२ तास २८ मिनिटांतच फेरी पुरी करतो, त्यामुळे रोज एकदाच पाहणाऱ्याला तो उड्या मारल्यासारखा दिसतो. आयोच्या चार, युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक अशा फेऱ्यांचा मेळ या तिघांत पक्का बसलेला आहे.

काळ हाती आले की केप्लरचा तिसरा नियम, जो त्याने १६१९ साली प्रसिद्ध केला, घरबसल्या तपासता येतो: काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूपासून आयो ४.२२ लाख किलोमीटरवर आणि कॅलिस्टो १८.८३ लाख किलोमीटरवर आहे. अंतरांचे गुणोत्तर ४.४६, त्याचा घन करून वर्गमूळ काढले की सुमारे ९.४ येते. काळांचे गुणोत्तर १६.६९ भागिले १.७७, तेही ९.४. हे गणित वाचून सोडून न देता आपल्याच चित्रांतल्या मोजमापांनी एकदा करून पाहावे.

पायरी पाचवी: ग्रहांची वर्षे

ग्रह सूर्याभोवती किती काळात फिरतो हे आपल्याला थेट दिसत नाही, कारण आपण स्वतः फिरत्या पृथ्वीवर आहोत. जलद लोकलमधून शेजारच्या रुळावरची धिमी लोकल मागे जाताना दिसते, तसा मंगळ काही आठवडे उलटा चालताना दिसतो आणि आपण त्याला वक्री म्हणतो. ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतो त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. आपल्याला दिसतो तो प्रतियुतीपासून प्रतियुतीपर्यंतचा काळ, म्हणजे पृथ्वीने त्या ग्रहाला गाठल्यापासून पुन्हा गाठेपर्यंतचा काळ. घड्याळात मिनिटकाटा तासकाट्याला दर ६० मिनिटांनी न गाठता सुमारे साडेपासष्ट मिनिटांनी गाठतो, तोच हा प्रकार.

खरा काळ काढण्याची कृती सोपी आहे. बाहेरच्या ग्रहासाठी, दोन प्रतियुतींमधल्या दिवसांना ३६५.२५ ने गुणावे आणि त्या दिवसांतून ३६५.२५ वजा करून जे उरेल त्याने भागावे. मंगळाची सरासरी ७८० दिवस. त्यावरून उत्तर ६८७ दिवस येते. बुध-शुक्रासाठी वजाबाकीऐवजी बेरीज करावी: शुक्र पृथ्वीला एकदा गाठल्यापासून पुन्हा गाठेपर्यंतचे ५८३.९ दिवस घेतले की २२४.७ दिवस मिळतात.

एक इशारा येथे द्यायला हवा. मंगळाच्या प्रतियुती १३ ऑक्टोबर २०२०, ८ डिसेंबर २०२२ आणि १६ जानेवारी २०२५ या दिवशी झाल्या आणि पुढची १९ फेब्रुवारी २०२७ ची आहे. मधली अंतरे ७८६, ७७० आणि ७६४ दिवसांची आहेत, एकसारखी नाहीत, कारण मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असून त्याचा वेग बदलत राहतो. एकच अंतर घेऊन गणित केले तर उत्तर ६८२ पासून ७०० दिवसांपर्यंत कोठेही जाऊ शकते. शनीच्या बाबतीत ही पद्धत आणखी फसवी आहे. त्याचा प्रतियुतीचा काळ ३७८ दिवसांचा. वजाबाकीनंतर जेमतेम तेरा दिवस उरतात, आणि मोजणीत एका दिवसाची चूक झाली तरी उत्तरात दोन वर्षांहून मोठा फरक पडतो.

म्हणून दूरच्या ग्रहांसाठी राशी मोजणे हाच चांगला मार्ग आहे, आणि तो मार्ग मराठीत फार पूर्वीपासून रुळलेला आहे. शनीला बारा राशी ओलांडायला २९.४६ वर्षे लागतात, म्हणजे एका राशीला साधारण अडीच वर्षे, आणि तीन राशींना साडेसात. ‘साडेसाती’ हा शब्द म्हणजे शनीच्या परिभ्रमणकाळाचा एक चतुर्थांशच आहे. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण या शब्दामागचे मोजमाप चोख आहे. गुरूला ११.८६ वर्षे लागतात, म्हणून तो साधारण वर्षाला एक रास चालतो आणि नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो: २००३, २०१५, २०२७. तरीही ११.८६ म्हणजे बारा नव्हे. दर बारा वर्षांनी गुरू चार अंशांहून थोडा पुढे निघून जातो, सात फेऱ्यांत हा फरक एका राशीएवढा होतो, आणि तेव्हा सिंहस्थाचे अंतर बाराऐवजी अकरा वर्षांचे धरावे लागते. आपण मात्र गुरू कोणत्या ताऱ्यांजवळ आहे त्याचे दर वर्षी एकाच तारखेला एक चित्र काढावे. तीन वर्षांत चांगला अंदाज येतो.

युरेनसला ८४ वर्षे लागतात. नेपच्यूनला सुमारे १६५ वर्षे लागतात, म्हणून १८४६ साली सापडल्यानंतरची त्याची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली. यांची मोजणी गच्चीवरून करण्याचा आग्रह धरू नये.

पायरी सहावी: ग्रहांचे दिवस

परिवलन मोजण्यासाठी ग्रहावर एखादी खूण दिसावी लागते, आणि त्यासाठी किमान सहा इंची दुर्बीण व स्थिर हवा हवी. गुरूवरचा मोठा तांबडा डाग ही सर्वांत सोयीची खूण आहे. तो साधारण ९ तास ५५ मिनिटे ४० सेकंदांत पुन्हा मध्यावर येतो; आज रात्री आठ वाजता मध्यावर दिसला, तर पाच फेऱ्यांनंतर, म्हणजे परवा रात्री सुमारे ९ वाजून ३८ मिनिटांनी, पुन्हा तेथेच दिसेल. मात्र गुरूच्या विषुववृत्ताजवळचे ढग ९ तास ५० मिनिटांतच फिरतात. घन जमीन नसलेल्या ग्रहाला ‘कशाच्या संदर्भात?’ हा प्रश्न आणखी एका अर्थाने विचारावा लागतो: ढगांच्या की आतल्या भागाच्या? शनीच्या आतल्या भागाचे उत्तर, १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद, कॅसिनी यानाने टिपलेल्या कड्यांमधल्या तरंगांवरून अगदी अलीकडे, २०१९ साली, काढता आले. मंगळावर खूण पाहणे अधिक कठीण आहे, पण त्याचे परिवलन २४ तास ३७ मिनिटांचे असल्याने रोज त्याच वेळी पाहिले तर त्याचा चेहरा अगदी हळूहळू बदलतो. त्याचा फोबोस हा चंद्र ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो, मंगळाच्या फिरण्यापेक्षा कितीतरी वेगाने, म्हणून मंगळावरून पाहिल्यास तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळेल.

बुध आणि शुक्र यांनी मात्र दुर्बिणीवाल्यांना दीर्घकाळ फसवले. शुक्र ढगांनी झाकलेला आहे, आणि बुधाची एकच बाजू सूर्याकडे असते असा समज १९६५ पर्यंत टिकून होता. त्या वर्षी रडारच्या लहरी आदळवून पाहिल्यावर बुधाचे परिवलन ५८.६५ दिवसांचे निघाले. त्याचे वर्ष ८७.९७ दिवसांचे आहे, म्हणजे दोन परिभ्रमणांत नेमकी तीन परिवलने होतात.

बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत किती काळ जातो, ते याच पद्धतीने निघते: दोन्ही काळांचा गुणाकार करावा आणि त्यांच्या वजाबाकीने भागावे. उत्तर १७६ दिवस, म्हणजे बुधाची दोन वर्षे. शुक्र उलट दिशेने फिरतो, म्हणून तेथे वजाबाकीऐवजी बेरीज घ्यावी: २४३ गुणिले २२४.७, भागिले ४६७.७. उत्तर ११७ दिवसांच्या जवळ येते. लेखाच्या सुरुवातीचा दुसरा आकडा हाच.

पायरी सातवी: एक वर्षानंतर

दुसऱ्या पायरीतल्या ताऱ्याची पहिली नोंद ज्या तारखेची असेल, त्याच तारखेला पुढच्या वर्षी पुन्हा गच्चीवर जावे, अर्थात समोरची इमारत मधल्या काळात पुनर्विकासाला गेली नसेल तर. रोज चार मिनिटे लवकर जाणारा तारा पूर्ण चक्र फिरून जवळजवळ त्याच वेळेला टाकीआड जाईल; मधे २९ फेब्रुवारी आलेला नसेल, तर तो सुमारे ५७ सेकंद उशिरा जाईल. हनुवटी खुणेवर नीट टेकवली असेल तर हा फरक हाती लागतो. वर्ष ३६५ दिवसांचे नसून सुमारे पाव दिवसाने अधिक आहे, हे त्या ५७ सेकंदांत दिसते, आणि चौथ्या वर्षी लीप दिवस येऊन गेल्यावर घेतलेल्या नोंदीत तो फरक जवळजवळ नाहीसा झालेला आढळतो.